बनाबाईच्या ओव्यांचं कुलूप

बेलापुरात पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, चौऱ्याण्णव साली. खोटं सांगत असेन तर प्रवरामाईची शपथ, टेम्पोतून ते खोकं उतरवताना समोरची दोन कुत्री भुंकायची थांबून नुसती बघत राहिली. लोक म्हणतात, विष्णुपंत, कुत्रं एकच होतं. असेल. तीस वर्षांत एक कुत्रं वाढलं तर बिघडलं कुठं?

त्या मशीनला वेगळी खोली, खिडकीला पडदा, आणि दारात चपला काढायचा नियम. कारण काय, तर व्हायरस. हे प्रकरण चपलेला लागून येत असणार अशी माझी पक्की समजूत. मी तर चौकटीला कडुलिंबाचा डहाळाही बांधला होता. जयमालानं तो सोडला.

"पंत, व्हायरस फ्लॉपीतून येतो. पायांतून नाही."

"मग फ्लॉप्या दाराबाहेर काढायला सांगू?"

"सांगाच," ती म्हणाली, आणि खरोखरच बाहेरून आलेल्या फ्लॉप्यांसाठी तिनं उंबऱ्याबाहेर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. मी हसलो. पुढच्याच महिन्यात तालुक्यातल्या दोन कॉम्प्युटर क्लासांची मशीनं आजारी पडली, माझं धडधाकट राहिलं. तेव्हापासून तो डबा मी देवघरातल्या समईसारखा पुसून ठेवायचो.

ही जयमाला म्हणजे आधी माझी विद्यार्थिनी आणि मग माझी मास्तरीण. मराठी टायपिंगची परीक्षा तिनं माझ्याकडूनच दिली. पण कॉम्प्युटर आल्यावर पुस्तक वाचून ती शिकली आणि तिनं मला शिकवलं. दुपारी क्लासला पोरं नसायची. मग तिची सासू यायची, बनाबाई. साठीची, काटक बाई. उभी हयात उसाच्या मळ्यांवर राबलेली. माहेर लांब तिकडं राजूरला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. प्रौढ साक्षरता वर्गात पन्नाशी ओलांडल्यावर अक्षरं शिकली, आणि अक्षरं शिकल्यावर पहिलं काम काय केलं, तर माझ्या इन्स्टिट्यूटच्या पाटीतली शुद्धलेखनाची चूक काढली.

बनाबाईला जात्यावरच्या ओव्या येत. दहा-वीस नव्हे, शेकड्यांनी. माहेराच्या, भावाच्या, छप्पन सालानंतरच्या भीमाच्या. ती बाकावर मांडी घालून म्हणायची, जयमाला टाईप करायची. तोंडातून थेट पडद्यावर, मधे कागद नाही. मी म्हणायचो, "बनाबाई, झाल्यात तेवढ्या छापून ठेवू."

"पाचशे होऊ द्या, पंत. अर्धं दळन पिशवीत भरत्यात व्हय?"

एकदा चारशे बारावर आलो असताना ती मधेच थांबली.

"पोरी, घराला कुलूप हाय. ह्याला काय हाय?"

ती का विचारते ते आम्हाला ठाऊक होतं. सात-आठ वर्षांपूर्वी एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. 'माहिती गोळा करतो, माई' म्हणाला, तिच्या हातचा चहा प्याला, दोन दिवस ओव्या भरून घेऊन गेला. पुढं एका जत्रेत बनाबाई बांगड्या भरत बसली होती आणि डोक्यावरच्या कर्ण्यातून तिचीच ओवी वाजायला लागली. आवाज दुसरीचा, कॅसेटवर नाव तिसऱ्याचं, आणि शेवटच्या ओळीतला भीम काढून तिथं भलताच कुणी बसवलेला. अर्ध्या बांगड्या भरलेल्या हातानं ती उठून आली होती.

"ह्याला पण लागतं, आत्या," जयमाला म्हणाली. "शब्दाचं कुलूप. तुम्ही शब्द ठरवायचा. तो दाबल्याशिवाय ओव्या दिसत नाहीत."

"ठरिवला. सांगू?"

"मला नका सांगू. कुणालाच नका. तुमच्या बोटांनी दाबा."

"मग तुमी दोघं भिताडाकडं तोंड करा. पंत, तुमी बी. तुमचा तर काय भरवसाच न्हाई."

कळांवर आम्ही मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. पाठीमागं एक कळ वाजली. मग इतका वेळ काही नाही की मला वाटलं बाई झोपली. मग दुसरी. मी कान टवकारून कळा मोजत होतो, हे आज कबूल करतो. मोजून काही हाती लागलं नाही, कारण मराठी टंकलेखनात एका अक्षराला कधी एक कळ लागते, कधी दोन. पण शिकण्यासारखं एवढंच, की कुलूप लावणाऱ्याच्या पाठीशी उभा राहिलेला विश्वासू माणूसही कान बंद ठेवत नाही.

त्यानंतर तीन आठवडे क्लासच्या गर्दीत ओव्यांना दुपार मिळाली नाही, आणि शहाण्णवच्या फेब्रुवारीत बनाबाई नळावर हंडा उचलता उचलता खाली बसली ती उठलीच नाही. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. श्रीरामपूरच्या दवाखान्यातून बारा दिवसांनी घरी आणली तेव्हा तोंडातून एकच आवाज यायचा, "दा, दा." डोळे मात्र लख्ख. समोरचं सगळं कळायचं, बोलायला गेलं की "दा, दा", आणि मग रागानं डावा हात खाटेवर आपटायची.

जयमालाला चाळीसेक ओव्या पाठ होत्या. बाकीच्या कुलपात. आणि किल्ली जिच्या पोटात, तिचं तोंड बंद. सासू असेपर्यंत त्या ओव्या बाहेर आल्या नाहीत, तर कायमच्या गेल्या. एवढं सरळ होतं सगळं.

मी पाटीवर बाराखडी लिहून नेली. वाटलं, बोट ठेवून दाखवेल. बनाबाईनं त्या अक्षरांकडं असं बघितलं की जणू परक्या मुलखातल्या एस.टी.च्या पाट्या. डॉक्टर म्हणाले, वाचेबरोबर अक्षरंही जातात कधीकधी. पन्नाशीत मिळवलेली अक्षरं बाईच्या डोळ्यांदेखत परकी झाली. मी पाटी पुसून टाकली आणि बाहेर जाऊन उगाच तंबाखू मळली.

मग सुरू झाले अंदाज. जयमाला खाटेशी बसून एकेक शब्द विचारायची. "महेंद्र?" मुलगा. मान नाही. "प्रज्ञा?" नात. नाही. नवऱ्याचं नाव? नाही. "भीम?" बनाबाईनं डावा हात कपाळाला लावून जय भीम केला, आणि मान हलवली, नाही. चेहरा असा, की एवढं सोपं ठेवायला मी काय विष्णुपंत आहे? (माझ्या फायलींच्या कुलपाला माझ्या मुलीचं, इंदूचं, नाव होतं. सगळ्या बेलापूरला माहीत.) माणूस कुलपाला आपल्या जिवलगाचं नाव देतो, आणि चोर आधी तेच घालून बघतो. बनाबाईला हे न शिकवता कळलं होतं. चोरापेक्षा ती हुशार निघाली आणि आमची पंचाईत झाली.

इथं मी शहाणपणा केला. माझा चुलत पुतण्या सुहास, नगरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला फोन केला. आला लुनावरून. जयमाला घरी सासूला पेज भरवायला गेलेली. सुहास म्हणाला, "काका, ही असली कुलपं म्हणजे खेळणी. दहा मिनिटं." खिशातून फ्लॉपी काढून त्यानं सरळ आत सारली. बिस्किटाचा डबा दारात तसाच. आपल्या रक्ताच्या माणसाला काय डब्यात फ्लॉपी टाकायला लावायची?

जयमाला आली तेव्हा फ्लॉपीचा दिवा पेटलेला होता. तिनं ती बाहेर काढून बघितली.

"हिची खिडकी बंद का?"

मला काही कळेना. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक खटका असायचा. तो सरकवून तिथली बारीक खिडकी उघडली की फ्लॉपी नुसती वाचता येते; बंद असली की तिच्यावर लिहिताही येतं.

"कुलूप तोडायचं सामान फ्लॉपीतून मशीनमध्ये जायचं ना?" जयमाला म्हणाली. "मग मशीनमधून फ्लॉपीवर काय आलं?"

सुहास हसला. तसं हसू आमच्या घराण्यात चालत आलंय, मी ओळखतो. "अहो ताई, कॉपी घेतली फक्त. माझ्याकडं मोठं मशीन आहे. ते आपणहून शब्द घालून बघत बसतं, दिवसाला हजारो. उघडलं की तुम्हाला देतोच. आणि एक ओळखीचा कॅसेटवाला आहे, त्याला अशी लोकगीतं पाहिजेच आहेत. तुमच्या सासूबाईंचं भलंच होईल."

"पंत," जयमाला म्हणाली, "ती फ्लॉपी घ्या त्याच्याकडून."

त्यानं ती तिच्या हातातून अलगद घेऊन खिशात टाकली होती. मला एवढंच करायचं होतं, पुतण्याच्या खिशात हात घालायचा. मी म्हणालो, "सुहास, बाळा, हे बरं नव्हे." एवढं म्हणेपर्यंत लुना बेलापूर ओलांडून गेली.

जयमाला माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मशीन बंद केलं, आच्छादन घातलं आणि म्हणाली, "पेटी उचलून नेली त्यानं. आता त्याला घाई नाही. घाई आपल्याला."

त्या आठवड्यात सुहासचा एक फोन आला. त्याच्या मशीनमध्ये इंग्रजी शब्दांची भली मोठी यादी होती, ती वाया गेली. "काका, तुमच्या त्या चिकटपट्ट्यांनी घोळ केलाय. पण कुठल्या अक्षराला कोणती कळ, ते मी बसवलंय आता. मतदार यादी मिळवली. बायांची सगळी नावं घालतोय. होऊन जाईल." मी फोन ठेवला. जयमालाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाव असलं तर होईल."

बनाबाई इकडं काहीतरी सांगायचा जिवापाड प्रयत्न करत होती. डावा हात हवेत गोल गोल फिरवायची. मी म्हणालो, किल्ली फिरवते आहे. महेंद्र म्हणाला, सायकल. शेजारीण म्हणाली, पोटात कळ येत असंल. बनाबाईनं आम्हा तिघांकडं ज्या नजरेनं पाहिलं ती आठवली की अजून कान गरम होतात.

एका सकाळी जयमाला तिला भिंतीला टेकवून जमिनीवर बसवत होती. बनाबाईनं लुळा पाय पसरलेलाच ठेवून डावा मुडपला, हात गोल फिरवला, आणि मग समोरची रिकामी फरशी थापटली. पुन्हा हात फिरवला, पुन्हा समोर थापटलं.

"जातं," जयमाला म्हणाली. "पंत, त्या दळतायत. आणि समोर कुणीतरी बसलंय."

बनाबाईनं डोळे मिटले आणि मान डोलावली. व्हय. व्हय. व्हय.

मोठं जातं एकटीनं ओढायचं नसतं. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचा हात, आणि ओवी एकीनं टाकायची, दुसरीनं उचलायची. बेलापुरात ती नांदायला आली तेव्हा इथं पिठाची गिरणी होती. म्हणजे समोरची बाई राजूरची.

दुसऱ्या दिवशी मी आणि जयमाला पहिल्या एस.टी.नं निघालो. संगमनेर, अकोले, आणि तिथून घाटाच्या वळणांनी राजूर. वाटेत आमच्या गाडीनं एका पावसाळी ढगाला आरशानं धक्का दिला, असं मी सांगतो तेव्हा लोक म्हणतात, मार्च महिना होता पंत. बरं, धुकं म्हणा. बाजाराचा दिवस होता. डोंगरातल्या वाड्या-पाड्यांची माणसं उतरली होती. जयमालानं भाजीवाल्या, मडकीवाल्या, सगळ्यांना एकच विचारलं, "बनाबाई माहेरवाशीण, तिच्याबरोबर जात्यावर कोण बसायचं?" मी लाजत होतो. पण तिसऱ्याच म्हातारीनं हात करून दाखवला, "ती बघा, हिरड्याच्या गोनीवर बसलीय. कडूबाई."

कडूबाई हिरड्याच्या पोत्यावर पाटलिणीसारखी बसली होती. आधीची चार लेकरं गेली म्हणून आईबापांनी कडू नाव ठेवलेलं. नाव कडू ठेवलं की मरण तोंड लावत नाही. तिला गावातच दिलेली, त्यामुळं ती गावातच होती.

"बना?" ती म्हणाली. "जित्ती हाय व्हय? चाळीस वरसं झाली, मला म्हनली हुती पुढल्या दिवाळीला येते!"

जयमालानं सगळं सांगितलं. ओव्यांचं ऐकलं तशी म्हातारी उभी राहिली.

"चारशे बारा? तिच्या? आगं, निम्म्या माज्या हायती! चोरटी हाय ती, पयल्यापासून! चला, बघतेच तिला."

हिरडा शेजारणीच्या स्वाधीन करून ती नेसत्या लुगड्यानिशी आमच्या गाडीत चढली. बेलापूर येईपर्यंत मला तिनं तीनदा विचारलं, "पंत, तुमी हिचं कोन?" आणि तिन्ही वेळा माझं उत्तर तिला पटलं नाही.

घरी पोचलो तर आधी जयमालानं धीर न धरता बनाबाईला विचारलं, "आत्या, शब्द 'कडूबाई'?" बनाबाईनं मान हलवली. नाही. आता कुठं जायचं?

पण बनाबाईचं लक्ष आमच्याकडं नव्हतंच. कडूबाई दारातून तावातावानं आत आली, भांडण जिभेवर तयार, आणि ते वाकडं झालेलं तोंड, तो लुळा हात बघून जागीच थांबली. मग भिंतीला टेकून बसलेल्या बनाबाईसमोर फरशीवर बसली. एक पाय पसरला, एक मुडपला. बनाबाईचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि जातं नसताना जातं ओढायला लागली. ओढता ओढता तिनं ओवी टाकली,

"दळण दळीते, खुट्याला हात दोन..."

आणि थांबली. ही ओळ दुसरीनं उचलायची असते.

मी साक्षीला होतो, जयमाला होती, महेंद्र दारात उभा होता. "दा, दा" पलीकडं एक अक्षर न बोलणाऱ्या बनाबाईच्या तोंडातून, घोगरी पण स्वच्छ, ओवी बाहेर आली,

"माझ्या साखरंबिगर उचलंल वव्ही कोन."

माझ्या हातातला पेला पडला. ही मात्र थाप नव्हे. त्या पेल्याला पोचा आहे, कुणीही येऊन बघावा. पुढं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होतं असं. बोलणं डोक्यात एका घरात राहतं, गाणं दुसऱ्या. एक घर पडलं तरी दुसऱ्यात दिवा असतो.

कडूबाई डोळे पुसत हसत होती. "साखर! म्या पार इसरले हुते बया. ही मला कडू म्हनायचीच न्हाई. म्हनायची, तुला कडू म्हनून माजं तोंड का वंगाळ करू?"

जयमाला पायात चपला न घालता धावली. मी मागं. मशीन सुरू झालं, प्रश्न आला, तिनं चिकटपट्ट्यांवर बोटं ठेवली. साखर. आणि पडद्यावर ओव्या उतरल्या, पहिल्यापासून चारशे बारापर्यंत.

सुहासच्या मतदार यादीत तालुक्यातली एकूण एक बाई होती. साखर त्यात नव्हती, कारण ती कुणाच्या कागदावर कधी गेलीच नव्हती.

त्याच दुपारी आम्ही छापायला घेतलं. प्रिंटर करकरत एकेक ओळ काढत होता. महेंद्रनं बनाबाईला टेम्पोत बसवून इन्स्टिट्यूटमध्ये आणलं होतं, शेजारी कडूबाई. जयमाला कागद फाडून वाचायची आणि लगेच तंटा सुरू.

"ही माजी!" कडूबाई.

बनाबाई मान हलवायची. नाही.

"माजीच! माज्या भावाच्या लग्नातली! पंत, लिवा, कडूबाईची!"

यावर बनाबाईला बोलायचं होतं. तोंड उघडलं, "दा" आलं. तिनं ते गिळलं, मांडीवर डाव्या हातानं ठेका धरला आणि जात्याच्या चालीत म्हणाली,

"तुझ्या भावाला गं, चाल कुठं येत हुती..."

कडूबाई पोट धरून हसली आणि ती ओवी तिनं बनाबाईला सोडून दिली. अशा एकशे नव्वद ओव्या कडूबाईच्या ठरल्या, दोनशे तीन बनाबाईच्या, आणि एकोणीस अशा, की त्या कुणाच्या यावर दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्या दोघींच्या नावावर घातल्या. वैशाखी पौर्णिमेला विहारात जयमालानं पहिल्या पानावरची दोघींची नावं घेऊन सगळ्या वाचल्या, आणि छापील प्रती बायांना वाटल्या. सुहासचा कॅसेटवाला नंतर एकदा चौकशीला आला होता म्हणे. गावातल्या सगळ्या बायांकडं छापील प्रती बघून चहासुद्धा न पिता गेला.

कडूबाई अकरा दिवस राहिली. बनाबाई त्यानंतर चार वर्षं होती. बोलणं परत आलं नाही, पण तिला आता रस्ता सापडला होता. पाणी पाहिजे, उशी सरकवा, प्रज्ञाला हाक मारा, सगळं ओवीत. मी गेलो की माझ्यावरही व्हायची एखादी. त्यांतली एकही मी छापू दिली नाही. पण सगळ्या पाठ आहेत, आणि चालीवर म्हणूनही दाखवीन.